छोट्या ट्रॅक्टरसाठी घरीच डंपिंग ट्रॉली बांधायची आहे, जॅक कोणता घेऊ?

द्राक्षवाला_निफाड | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. निम्मी वायवर (इंग्रजी Y सारखा आधार), निम्मी मांडवावर, ओळीतलं अंतर ९ फूट. दोन वर्षांपूर्वी २४ एचपीचा छोटा फोर व्हील ट्रॅक्टर घेतला. फवारणी, रोटर सगळं त्याच्यावरच होतं. अडचण आहे ती शेणखताची. मोठी ट्रॉली बांधावर ढीग ओतून निघून जाते आणि तिथून ओळीत खत न्यायचं ते घमेल्यानं. गेल्या वर्षी एप्रिलच्या खरड छाटणीआधी सहा माणसं चार दिवस हेच करत होती. मजुरीचा आकडा इथे लिहीत नाही, आमच्या घरातलंही कुणी हा धागा वाचेल.

तर छोट्या ट्रॅक्टरमागे चालेल अशी डंपिंग ट्रॉली घरीच बांधावी म्हणतो. वेल्डिंग मशीन आहे, हात बरा आहे. गेट, गोठ्यातली दावण, फवारणीच्या टाकीचा सांगाडा असं सगळं स्वतः केलंय. डोक्यात आहे ते असं: पेटी ६ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट उंच. चासी ७५ मिमीच्या लोखंडी चॅनलची. तळाला ३ मिमी पत्रा, बाजूला २ मिमी. भंगारात जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचं हाउसिंग चाकांसकट मिळतंय.

प्रश्न एकच. त्याच भंगारवाल्याकडे ५० बोअरचा (आतला व्यास ५० मिमी), दोन फूट स्ट्रोकचा (रॉड तेवढा बाहेर येतो) हायड्रॉलिक जॅक आहे. तो एवढं वजन उचलेल का? की मोठा शोधू? एप्रिलच्या छाटणीआधी काम व्हायला हवं.

मळ्यातला_पाटील | २८ डिसेंबर, रात्री १०:०५

तयार घ्या. तीन महिने घालवाल, लोखंड आणाल, परत कापाल, परत आणाल, आणि शेवटी तेवढेच पैसे जातील. अनुभव आहे म्हणून सांगतो.

खोडसाळ_पंत | २८ डिसेंबर, रात्री १०:११

"घरीच बांधायची आहे" एवढंच शीर्षक दिसलं, मला वाटलं म्हैस.

वेल्डर_अण्णा | २९ डिसेंबर, सकाळी ६:५०

जॅकचं नंतर बघू. आधी लोखंडाचं बोलतो, मला तेवढंच कळतं. मिरजेकडं तीस वर्षं ट्रॉल्या बांधतोय.

७५ चा चॅनल मीटरला सात किलोच्या आसपास, १०० चा साडेनऊ. तुमच्या मापाला अख्ख्या चासीत वीसेक किलोचा फरक पडेल. एवढ्या पेटीला ७५ पुरतो, पण ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा, १०० चाच करा. ट्रॉली मोडते ती कधीच मधे मोडत नाही, ड्रॉबार चासीला जिथं मिळतो तिथं मोडते. तिथं आतून त्रिकोणी पट्ट्या टाका. आणि चॅनलच्या पाकळीवर आडवं वेल्डिंग ओढू नका, चीर तिथूनच पडते.

३ मिमीचा तळ म्हणजे चौरस मीटरला साडेतेवीस किलो. ६ बाय ४ चा तळ बावन्न-त्रेपन्न किलो होतो. ठीक आहे. त्याच्या खाली दीड-दीड फुटावर आडवे अँगल हवेत, नाहीतर पहिल्याच दगडाला परात होईल.

चासी टाके मारून उभी केली की आधी कर्ण मोजा. ६ बाय ४ ला दोन्ही कर्ण ७ फूट अडीच इंच आले पाहिजेत. मगच पक्कं वेल्डिंग, तेही एकदा या कोपऱ्यात, एकदा समोरच्या. एकाच बाजूनं ओढत गेलात तर चासी केळीच्या पानासारखी वळते. पहिली ट्रॉली केली तेव्हा माझी वळली होती. गिऱ्हाइकाला सांगितलं, मुद्दाम तशी केलीय, वळणावर बरी पडते.

मळ्यातला_पाटील | २९ डिसेंबर, सकाळी ७:३०

अण्णा, गिऱ्हाइकानं ऐकलं?

वेल्डर_अण्णा | २९ डिसेंबर, सकाळी ७:४२

पाहुणाच होता.

गणितमास्तर | २९ डिसेंबर, दुपारी १:१५

जॅकचा हिशोब अवघड नाही, करून दाखवतो.

५० बोअर म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला चौरस सेंमीला १५० किलोचं प्रेशर धरलं तर ढकलण्याचा जोर २,९०० किलोच्या वर. ऐकायला भरपूर वाटतो. पण जॅक उभा नसतो, तिरका असतो, आणि सगळी गोम तिथे आहे.

तुमची पेटी ३६ घनफूट, म्हणजे साधारण एक घनमीटर. ओलसर शेणखत ८०० किलो आणि पेटीचं २०० धरू. एकूण हजार किलो. बिजागरी पेटीच्या अगदी मागच्या टोकाला, भार मधोमध, म्हणजे बिजागरीपासून ३ फुटांवर. जॅक पेटीला ४ फुटांवर जोडला, तर तिथे सरळ वर ७५० किलोचा जोर हवा. आता जॅक आडवा निजलेला असेल, जमिनीशी फक्त १५ अंशांचा कोन असेल, तर त्याच ७५० साठी जॅकला ढकलावं लागतं २,९०० किलो. तुमचा जॅक तिथेच संपला, घर्षणाला काही उरलं नाही. तोच जॅक सुरुवातीला ३० अंशांवर ठेवा, १,५०० किलोत काम होतं. मग ५० काय, ४० बोअरचाही पुरतो.

सगळा त्रास पहिल्या वीतभर उचलण्यात आहे. एकदा पेटी वर निघाली की कोन वाढत जातो आणि जॅकला सोपं होत जातं.

कृपा करून यात मुरूम भरू नका. त्याच पेटीत मुरूम दीड टनाच्या पुढे जातो.

कोपऱ्यातला_वाचक | २९ डिसेंबर, दुपारी १:४०

शाळेत त्रिकोणमिती अशी शिकवली असती तर आज मी कोपऱ्यात नसतो.

डाळिंबताई | २९ डिसेंबर, रात्री ८:५५

आमची सांगोल्याकडं डाळिंबाची बाग. चौदा फुटांच्या ओळी आहेत, तरी वळताना फांद्या लागतात. दादा, तुम्ही पेटीची रुंदी ४ फूट लिहिलीत, चाकांची लिहिलीच नाहीत. जीपचं हाउसिंग घेतलंत तर चाकं पेटीच्या बाहेर येणार. बाहेर-बाहेर मोजा, पावणेपाच फुटांच्या वर भरेल. वायच्या फांद्या दोन्हीकडून ओळीत आलेल्या असतात, तुमच्या नऊ फुटांतले मोकळे किती उरतात?

शिवाय त्या हाउसिंगमध्ये मधला गोळा असतो. उगाच वजन, आणि जमिनीपासून उंची कमी. आम्ही सरळ भरीव बारचा एक्सल घेतला, टोकांना हब बसवले आणि चाकं पेटीच्या खाली घेतली. पेटी चार बोटं उंच झाली, पण ट्रॅक्टर जिथून गेला तिथून ट्रॉली मुकाट्यानं मागे येते.

द्राक्षवाला_निफाड | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

ताई, आत्ताच बॅटरी घेऊन बागेत जाऊन मोजून आलो. वायमध्ये जिथे फांद्या जास्त आहेत तिथे मोकळी जागा जेमतेम पाच फूट. हाउसिंग रद्द. भंगारवाल्याला इसार दिला नव्हता, वाचलो.

छोट्या हत्ती टेम्पोची चाकं बसवली तर?

गणितमास्तर | २९ डिसेंबर, रात्री १०:०२

टायरच्या कडेवर मापानंतर एक आकडा असतो तो वाचा. छोट्या हत्तीच्या १४५ आर १२ टायरवर बहुतेक ८६ असतो, म्हणजे एका टायरला ५३० किलो. दोन मिळून १,०६०. चासी, पेटी आणि ८०० किलो खत धरलं तर काठावर आहात, थोडा भार ड्रॉबारवर जातो म्हणून भागेल. तेही टायर चांगले असतील तर. भंगारातला टायर आणि त्याच्यावरचा आकडा यांचा संबंध तुटलेला असतो.

तळकोकणी | ३० डिसेंबर, सकाळी ११:२०

सपाटीवाल्यांनो, तुमचं बरं आहे. आमच्याकडे बाग म्हणजे डोंगर. माझा १५ एचपीचा युवराज ट्रॅक्टर आहे, मागे अशीच घरगुती ट्रॉली, डंपिंगशिवाय. घर बांधताना जांभ्याचे चिरे खाली आणत होतो. ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉली जड, ट्रॉलीला ब्रेक नाही. उतारावर मी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर थांबला, ट्रॉली कुठे थांबते! तिनं मागून ढकलून ट्रॅक्टर आडवा केला. डावं मागचं चाक गडग्यावर चढून अडकलं म्हणून हे लिहायला आहे.

तेव्हापासून उताराला लागायच्या आधीच पहिला गिअर, क्लचला पाय लावायचा नाही, आणि चिरे अर्धेच. खेपा दुप्पट झाल्या, बायको म्हणते होऊ देत.

मळ्यातला_पाटील | ३० डिसेंबर, दुपारी १२:०५

म्हणून म्हणतो २४ एचपीला ट्रॉली नकोच. मागच्या लिफ्टला बसणारी लोखंडी पेटी मिळते, तीनशे किलो खत बसतं, लिव्हर खाली केला की टेकते. टायर नको, जॅक नको.

द्राक्षवाला_निफाड | ३० डिसेंबर, दुपारी १:३०

पाटीलसाहेब, ती शेजाऱ्यांची वापरून बघितली. तीनशे किलो मागे टांगले की पुढची चाकं जमिनीला नुसती विचारपूस करतात. आणि एकरी दहा-बारा टन खत तीनशे-तीनशे किलोनं न्यायचं म्हणजे माझा मुलगा कॉलेजला जाईल तोवर पुरेल. तो आत्ता दुसरीत आहे.

रामआप्पा | ३० डिसेंबर, रात्री ८:१५

मला नातवानं हे वाचून दाखवलं. मी बोलतोय, तो लिहितोय.

सगळे जॅकच्या मागे लागलेत. आम्ही बैलगाडी हाकली पन्नास वर्षं. गाडी भरताना पहिलं बघायचं ते उलाळ. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, गळ्यातली पट्टी ताणते, बैलाला श्वास घेता येत नाही. पुढं जास्त झाला की सगळा भार मानेवर, बैल खाली वाकतो. मानेवर थोडं वजन पाहिजे, पण थोडंच. भरणारा शहाणा असला तर एका हातानं जू उचलून बघायचा.

तुमच्या ट्रॉलीचंही तेच आहे. आस कुठं ठेवणार ते कुणीच विचारलं नाही. बरोबर मधे ठेवली तर रिकामी गाडी नीट चालेल आणि पेटी वर केली की सगळा माल मागं जाऊन गाडी उलाळणार. बैलाच्या जागी तुमचा ट्रॅक्टर आहे, त्याची मागची चाकं उचलली जाणार.

गणितमास्तर | ३० डिसेंबर, रात्री ९:०५

आप्पा, दंडवत. मी पिस्टनचं क्षेत्रफळ काढत बसलो आणि हे बघितलंच नाही. आता आकडे घालतो.

भाराच्या मध्यापासून ड्रॉबारच्या पिनपर्यंत साडेसहा फूट धरू. एक्सल मध्याच्या ९ इंच मागे ठेवला तर भरलेल्या ट्रॉलीचा शंभरेक किलो भार ट्रॅक्टरवर येतो. मानेवर थोडं वजन म्हणतात ते हेच. पण पेटी ४५ अंश वर गेली की भाराचा मध्य मागे सरकतो, एक्सलच्याही मागे जातो. त्यात ओलं खत मागे घसरून फाळक्याशी (पेटीच्या मागच्या दाराशी) अडकून बसलं, तर ड्रॉबार दीडशे-पावणेदोनशे किलोनं वर उचलला जातो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साडेसहाशेच्या घरात. त्यातलं मागच्या चाकांवर किती असतं ते बघा आणि त्यातून हे वजा करा.

उपाय म्हणजे बिजागरी पेटीच्या टोकाला न ठेवता सव्वा फूट पुढे घ्यायची, एक्सलपासून जेमतेम एक फूट मागे. भाराचा मध्य मग फार मागे जात नाही आणि जॅकलाही हलकं जातं, साडेसातशेच्या जागी साडेसहाशेच्या आत काम होतं. पेटीचं शेपूट थोडं खाली येईल, पण चासी अडीच फूट उंच असेल तर जमिनीला लागणार नाही.

वेल्डर_अण्णा | ३० डिसेंबर, रात्री ९:२०

आणि पिनला लॉक क्लिप घाला. नुसती पिन ड्रॉबारसंगं वर उडून येते. बघितलंय.

खोडसाळ_पंत | ३० डिसेंबर, रात्री ९:३२

आप्पा, गाडी सोडल्यावर जू जमिनीवर पडू नये म्हणून खाली लाकूड लावायचे, त्याला काय म्हणायचे?

रामआप्पा | ३० डिसेंबर, रात्री ९:५०

शिपाई.

डाळिंबताई | ३० डिसेंबर, रात्री ९:५८

आमच्याकडं नुसतं टेकणं म्हणतात.

कोपऱ्यातला_वाचक | ३० डिसेंबर, रात्री १०:१०

साटी, आरे, तुंबा, धाव... आजोळी हे शब्द रोज कानावर पडायचे. आता गाडीच राहिली नाही. ऊस कारखान्यांच्या भागात दिसते, पण तिलाही रबरी टायर आले, चाकावरची लोखंडी धाव गेली. वेगळा धागा काढायला हवा.

मळ्यातला_पाटील | ३० डिसेंबर, रात्री १०:१५

काढा. इथे मूळ प्रश्नाचं बघू. जॅकला ऑइल कुठून घेणार?

द्राक्षवाला_निफाड | ३१ डिसेंबर, सकाळी ७:००

माझ्या ट्रॅक्टरला मागे ट्रॉलीसाठी एक पॉइंट आहे, प्लग लावून बंद केलेला. तिथूनच होज घेईन. एकच पाईप. वर जाताना प्रेशरनं, खाली येताना पेटीच्या वजनानं.

हायड्रॉलिकवाला | ३१ डिसेंबर, सकाळी ९:४५

याच विषयात पोट भरतो, म्हणून जरा सविस्तर.

१. ५० बोअर आणि दोन फूट स्ट्रोक म्हणजे जॅकमध्ये सव्वा लिटरच्या आत ऑइल जातं. छोट्या ट्रॅक्टरचा पंप ते सात-आठ सेकंदांत भरतो. ऑइलची पातळी जॅक पूर्ण मिटलेला असतानाच बघायची. मोठ्या ट्रॉलीचा तीन टप्प्यांचा जॅक कधी लावू नका, तो छोट्या ट्रॅक्टरचं पोट रिकामं करतो.

२. भंगारातला जॅक तसाच जोडला तर त्याच्यातली घाण थेट ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये जाते. एका गिऱ्हाइकानं पाचशे रुपयांचं सील वाचवलं आणि पंप बदलला. जॅक खोला, डिझेलनं धुवा, सील किट नवीन टाका. रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो जॅक घेऊच नका, नवीन सील आठवड्यात फाटेल.

३. भंगारातला जॅक बहुतेक दोन तोंडांचा असतो. एकाच पाईपवर चालवायचा तर दुसऱ्या तोंडाला प्लग मारू नका, हवा दाबली जाऊन जॅक अडतो. तिथे जाळीचा ब्रीदर लावा.

४. रिकामी पेटी धाडकन खाली येऊ नये म्हणून जॅकच्या तोंडाशी दीड मिमी भोकाची चकती टाका. सावकाश उतरते.

५. होजमधून बारीक फवारा उडतोय असं वाटलं तर बोट लावून बघू नका. त्या दाबानं ऑइल कातडीखाली शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून बोट सडतं. पुठ्ठा धरून बघा.

मातीतला_इंजिनिअर | ३१ डिसेंबर, दुपारी ४:१०

पाचव्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. हसण्यावारी नेऊ नका.

आमच्याकडेही घरगुती डंपिंग ट्रॉली आहे. चार वर्षांपूर्वी पेटी वर करून खाली ग्रीस मारत होतो. ट्रॅक्टर बंद होता. बंद आहे म्हणजे काही होणार नाही असं डोक्यात होतं. धाकट्या भावाची पोरगी वर चढली आणि तिनं लिव्हर ओढला. पेटी खाली यायला इंजिन लागत नाही, वजनानं येते. मी ग्रीसगन घेऊन मागे सरकलो होतो म्हणून डोकं वाचलं. ग्रीसगन चपटी झाली, ती अजून शेडमध्ये टांगून ठेवलीय.

त्या दिवशी संध्याकाळी चासीला एक टेकू बसवला, १०० च्या चॅनलचा तुकडा, बिजागरीवर फिरणारा. पेटी वर गेली की तो उभा करायचा आणि मगच खाली हात घालायचा. मुलांना ट्रॅक्टरवर चढू देत नाही.

डाळिंबताई | ३१ डिसेंबर, दुपारी ४:३०

वाचून अंगावर काटा आला.

रामआप्पा | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

तोच शिपाई. शिपायाशिवाय गाडी सोडायची नाही.

नियमावर_बोट | १ जानेवारी, सकाळी १०:३०

नववर्षाच्या शुभेच्छा. कुणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो, पासिंगचं काय? ट्रॉलीचीही नोंदणी लागते, तिला वेगळा नंबर असतो. घरी बांधलेली ट्रॉली रस्त्यावर नेली आणि काही झालं तर विमावाले हात वर करतील.

द्राक्षवाला_निफाड | १ जानेवारी, सकाळी ११:१५

बांधापासून बागेपर्यंतच न्यायची आहे, रस्ता ओलांडायचाही नाही. तरी मागे लाल रिफ्लेक्टर लावणार. गाळपाच्या दिवसांत अंधारात उभ्या ट्रॉल्यांवर लोक आदळताना बघितलेत.

मळ्यातला_पाटील | १ जानेवारी, दुपारी १२:००

आज म्हणताय बांधापर्यंत. मे महिन्यात मेव्हण्याच्या घराची वाळू आणायला हीच ट्रॉली जाणार. लिहून ठेवा.

द्राक्षवाला_निफाड | १९ जानेवारी, रात्री १०:२०

थोडी प्रगती. मास्तरांचा तिरका जॅक डोक्यात बसत नव्हता, म्हणून मुलाच्या वहीचा पुठ्ठा कापून दहापट लहान ट्रॉली केली. चासीची एक पट्टी, पेटीची एक पट्टी, बिजागरीच्या जागी टाचणी. जॅकसाठी एकात एक सरकणाऱ्या दोन पट्ट्या, मिटलेलं आणि उघडलेलं माप पेन्सिलीनं खुणावलेलं. खालची टाचणी इकडे-तिकडे टोचत गेलो. जॅक चासीच्या मधे ठेवला तर सुरुवातीला ३० अंश येतच नाहीत, जागाच नाही. शेवटी खालची पिन चासीच्या सहा इंच खाली, एका लोंबत्या कंसात घेतली तेव्हा २८ अंश आले. पेटी ४७ अंशांपर्यंत जाते. लोंबता कंस जमिनीपासून दीड फुटाच्या वर राहतो. चालेल ना?

दोन तास जेवायला बोलावत होते. मुलगा आईला म्हणाला, पप्पा खेळतायत.

गणितमास्तर | १९ जानेवारी, रात्री १०:४५

चालेल. एवढं मनापासून गृहपाठ करणारा विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही.

वेल्डर_अण्णा | २० जानेवारी, सकाळी ६:४०

त्या लोंबत्या कंसावरच सगळा जोर येतोय. १० मिमीच्या दोन पाट्या, मधे आडवा बार, आणि चॅनलच्या दोन्ही अंगाला धरून वेल्डिंग. पिनला ग्रीसची टिकली ठेवा.

डाळिंबताई | २० जानेवारी, दुपारी २:१०

दादा, मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकतेय. तुमची निम्मी बाग मांडवावर आहे ना? पेटी ४७ अंश वर गेली की तिचं पुढचं टोक किती उंच जाईल ते मोजलंत का? चासी अडीच फूट, त्यावर पेटीची उंची, त्यावर हे चढणं. साडेसात फुटांच्या आसपास जाईल. मांडवाची तार तुमच्याकडे किती फुटांवर आहे?

द्राक्षवाला_निफाड | २० जानेवारी, दुपारी २:४०

...

साडेसहा.

खोडसाळ_पंत | २० जानेवारी, दुपारी २:४२

ट्रॉलीनं मांडव उचलून नेला तर पुढच्या वर्षी छाटणी बांधावर बसूनच करता येईल.

हायड्रॉलिकवाला | २० जानेवारी, दुपारी ३:३०

गंमत सोडा, ताईंचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, आम्ही सगळे चुकलो. बागेतच नव्हे, वरून विजेची लाईन जात असेल तिथेही पेटी वर करायची नाही आणि वर केलेली पेटी घेऊन चालायचं नाही. मांडवाखाली पेटी पंधरा-वीस अंशांवर थांबवा, फाळका काढा, आणि मागून एक माणूस फावड्यानं ओढत जाईल. तरी घमेल्यापेक्षा कितीतरी बरं.

द्राक्षवाला_निफाड | २० जानेवारी, रात्री ९:००

म्हणजे मी विचारत होतो जॅक किती उचलेल, आणि बागेला विचारायला हवं होतं की किती उचलू. ताई, तुमचे दोनदा आभार. पेटी किती वर न्यायची यावर चासीला साखळी लावतो, म्हणजे मांडवात चुकून लिव्हर जास्त ओढला तरी पेटी साखळीवर अडेल.

हायड्रॉलिकवाला | २० जानेवारी, रात्री ९:१५

साखळी नको. साखळी तुटेल किंवा कंस वाकेल, जॅक थांबणार नाही. पेटी ठरलेल्या उंचीला गेली की लिव्हर परत ढकलणारी तार लावा, नाहीतर पेटीच्या कडेला पिवळी खूण करून डोळ्यानं बघा.

मळ्यातला_पाटील | ९ मार्च, संध्याकाळी ७:३०

काय झालं हो त्या ट्रॉलीचं?

द्राक्षवाला_निफाड | ९ मार्च, रात्री १०:००

काढणी चालू आहे, हात रिकामा नाही. चासी उभी आहे, कर्ण एक सूत कमी-जास्त आलाय. अण्णा रागावू नका.

वेल्डर_अण्णा | १० मार्च, सकाळी ६:३५

एका सुतावर रागावलो असतो तर धंदा बंद पडला असता.

द्राक्षवाला_निफाड | ६ एप्रिल, रात्री ९:१५

मंडळी, ट्रॉली झाली. परवा आणि काल मिळून वायच्या भागात खत टाकून झालं. ट्रॅक्टरवर मी, मागे दोन माणसं.

हिशोब विचाराल म्हणून सांगतो. लोखंड, बारचा एक्सल, हब, नवे टायर, जॅकचं सील किट, होज, रंग धरून ५४ हजार. स्वतःची मजुरी धरलेली नाही. पाटीलसाहेब, तुम्ही थोडे बरोबर होता, एक चॅनल चुकीचा कापला आणि परत आणला.

पहिल्या खेपेला खत उतरेचना. पेटी पूर्ण वर, फाळका उघडा, आणि ओलं शेणखत लाडक्या जावयासारखं बसून. आप्पा म्हणाले होते तेच झालं, मागे सरकून अडकलं आणि ट्रॅक्टरचं शेपूट हलकं झाल्याचं सीटवर बसल्या बसल्या कळलं. पिन क्लिपमुळे जागेवर राहिली. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकांनी युक्ती सांगितली. तळावर जुना फ्लेक्स अंथरला, गुळगुळीत बाजू वर. कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता, कुणाच्या ते सांगत नाही. खत सर्रकन खाली गेलं. पेटी मागच्या बाजूला दोन इंच रुंद ठेवली असती तर फ्लेक्सची गरज पडली नसती, हे आता कळतंय.

मांडवाखाली पेटी वीसेक अंशांवर थांबवतो आणि फावड्यानं ओढतो. वेळ लागतो. पण घमेल्याला हात लावावा लागत नाही.

पन्नासचाच जॅक आहे, कुरकूर न करता उचलतो. मूळ प्रश्न तोच होता ना.

कोपऱ्यातला_वाचक | ६ एप्रिल, रात्री ९:२२

फ्लेक्सवरचा माणूस निवडून आला तर धागा उडवावा लागेल.

मळ्यातला_पाटील | ६ एप्रिल, रात्री ९:३०

अभिनंदन. मेव्हण्याचं घर कधी?

द्राक्षवाला_निफाड | ६ एप्रिल, रात्री ९:३६

जोत्यापर्यंत आलंय. त्याचे फोन उचलत नाही.

आप्पा, एक राहिलं. टेकू बसवलाय, १०० च्या चॅनलचा, फिरता. पिवळा रंग दिला आणि त्याच्यावर ऑइल पेंटनं 'शिपाई' लिहिलंय. मुलानं लिहिलं, वेलांटी चुकलीय.

खोडसाळ_पंत | ६ एप्रिल, रात्री ९:४१

पगार किती देता?